बाहुल्या

रात्री पावणेदोनला छोटा हत्तीतून उतरवला त्याला,
पादऱ्याच्या पलीकडच्या कुठल्याशा कपाशीतून.
तोंडाला फेस. अंगभर घाम.
आणि घामाला तो वास,
कुजल्या लसणासारखा,
जो मी आता जिन्यावरूनच ओळखते.

पापणी उचलून बॅटरी मारली.
बाहुल्या मोहरीएवढ्या.
तीही बारीक मोहरी, चाळणीतून खाली पडणारी.

नाव दलसिंग राठवा. वय अंदाजे.
फॉर्मवर दोनच चौकोन असतात:
स्वतःहून घेतलं. चुकून घेतलं.
चौकीतला वाघेला पेनचं टोपण दातात धरून म्हणाला,
‘दवा पीधी?’
‘पीधी नथी,’ त्याची बायको म्हणाली. ‘छांटी.’
प्यायला नाही. फवारलं.
त्याला चौकोन नव्हता.

माझ्या सासरी, चोपड्याकडे,
कुणी ‘औषध घेतलं’ म्हटलं
की बायका दाराशी येतात, आवाज खाली जातो.
‘औषध मारायला गेलाय’ म्हटलं
तर हातातली भाकरी कुणी थांबवत नाही.
नाम तेच. क्रियापद बदललं
की माणूस संध्याकाळी घरी येणार
असं आमचं व्याकरण.
आणि बडोद्यात मी, वीस वर्षं,
ट्रॉली ढकलत वॉर्डभर सांगत हिंडते,
चला, औषधाची वेळ झाली.

तुकड्यातुकड्यांत कळलं ते असं:
वारा फिरला होता. पंप पाठीवर गळत होता,
म्हणजे पहिल्यापासूनच गळत होता.
मास्क होता. भादव्याच्या उकाड्यात
तो गळ्यात होता.
नोझल तुंबलं तेव्हा त्याने ते काढून
तोंडाने फुंकलं,
ओल्या लाकडाची चूल फुंकावी तसं.

‘तोंडात गेली ना मग,’ वाघेला म्हणाला
आणि दुसऱ्या चौकोनात खूण केली.

अ‍ॅट्रोपिन.
पाच मिनिटांनी दुप्पट.
पाच मिनिटांनी त्याच्याही दुप्पट.
ट्रेमध्ये काचेच्या मोडक्या माना साठत गेल्या.
साडेचारला जीभ कोरडी पडली, छाती मोकळी वाजली,
नाडी एकशे वीस.
आम्हाला हवं होतं तेच.

मग तो हवेतून कापूस वेचायला लागला.
उंच बोंडं होती, हात ताणून,
मध्येच चादरीवर वाकून
ओटीत टाकत होता, ओटी नसलेल्या पोटाशी.
वेचणी बायका करतात, पुरुष नाही,
हे त्या वेळी त्याला सांगणारं कुणी नव्हतं.
मी सलाइनचा हात धरून ठेवला.
दुसरा वेचू दिला.

बायको पायथ्याशी उभी. रेमली.
उराशी गाठोडं: त्याचा शर्ट,
आम्ही कात्री लावायच्या आत तिने सोडवून घेतलेला,
ओला, तसाच.
टाकून दे म्हटलं तर म्हणाली, दिवाळीचा आहे.
तिच्या ब्लाउजवर त्याची ओल उतरली होती.
मी पिशवी पुढे केली, तिने नाही दिला.
दुसऱ्या बेडवर कुणाचा तरी डबा पडला, आवाज झाला,
मी तिकडे गेले.

परत आले तेव्हा ती भिंत चाचपत होती.
‘बेन,’ म्हणाली, ‘लाइट तो कर.’

वॉर्डातल्या अकराही ट्यूब चालू होत्या.

मी खिशातून बॅटरी काढली.
ती हलली नाही, पापणी मिटली नाही,
नवसाला उभं राहावं तशी उभी राहिली.

कोरा केसपेपर घेतला.
नाव सांग, पूर्ण नाव.

‘मी कशाला?’ ती म्हणाली,
‘मी नाही छांटली.
मी फक्त पाणी भरत होते.’